एलिझाबेथ फार्म: मेंढी एकही नाही, पण खुर्चीवर खुशाल बसा

सिडनीच्या पश्चिमेला हॅरिस पार्क या उपनगरात डोसा-चहा उरकला की एलिझाबेथ फार्म हे जुनं घर, आता संग्रहालय, पायी गाठण्याच्या अंतरावर आहे. मात्र 'फार्म' म्हणून कुरणं शोधत जाल तर फसाल. 1793 मध्ये जॉन मॅकार्थर या लष्करी अधिकाऱ्याला बुरामट्टागल या आदिवासी लोकांच्या भूमीवर 100 एकर जमीन बहाल झाली. त्यातलं आता घर आणि बाग एवढंच उरलंय, चहूबाजूंनी वस्ती. मॅकार्थरच्या लोकरीचा मोठा पसारा पुढे सिडनीच्या नैऋत्येला कॅम्डनला गेला. तो इथे दिसणार नाही.

पाहायचं ते घर. मूळ विटांची इमारत 68 फूट लांब आणि जेमतेम 18 फूट रुंद, म्हणजे आपल्या चाळीसारखी एका ओळीत. 1820 च्या दशकात ती वाढवून सजवली. त्यामुळे दिवाणखान्याच्या थाटावर भुलू नका, आधी जुन्या भिंतींचा माग काढा. व्हरांडा उत्तरेकडे का, हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडतोच: दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं.

संग्रहालयाचा खरा गुण म्हणजे इथे दोरखंड नाहीत. सामान बहुतांशी नकला असल्याने खुर्चीवर बसा, पुस्तक चाळा. मुलं खूश होतात. अस्सल जुन्या वस्तूंच्या शौकिनाला मात्र हेच खटकेल.

इतिहासाची मांडणी जॉनच्या 'लोकरीचा जनक' या बिरुदापाशी थांबत नाही, हे बरं. जॉन 1801 ते 1805 आणि, गव्हर्नर ब्लायविरुद्धच्या बंडानंतर, 1809 ते 1817 इंग्लंडात होता. तेव्हा शेती, कळप आणि कैदी मजूर त्याची बायको एलिझाबेथनेच सांभाळले. सुरुवातीचा कळपही काही मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढ्यांचा नव्हता. बंगालहून आणलेल्या, लोकरीऐवजी केस असलेल्या मेंढ्यांचा आयरिश मेंढ्यांशी संकर झाला. पिलांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आली आणि तिथून जॉनच्या डोक्यात लोकर शिरली. दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून मेरिनो आल्या त्या 1797 मध्ये. या बंगाली मेंढ्यांबद्दल भारतीय पाहुण्यांनी आवर्जून विचारावं.

मॅकार्थर कुटुंबाने 1881 मध्ये मालमत्ता विकली. पुढे 1904 मध्ये स्वान कुटुंबाने मोडकळीला आलेलं घर घेतलं आणि 1968 पर्यंत त्यात राहून ते वाचवलं. त्यांच्याविना आज इथे पाहायला फारसं काही उरलं नसतं.

तासभर पुरतो. रोज उघडं नसतं, तेव्हा वार पाहूनच निघा.