ट्वीड डिलक्ससाठी मॅलरी १५० आणि एफ अँड टी: कोणता कपॅसिटर कुठे?

फेंडरचं ५ई३ सर्किट, म्हणजे १९५५ ते १९६० चा ट्वीड डिलक्स हा ट्यूबवाला गिटार अँप, बांधायला घेतलं की ग्राउंड स्विचचा सोडून फक्त तेरा कपॅसिटर लागतात. (ग्राउंड स्विचचा बसवूच नका, तीन पिनांची वायर लावा.) सिग्नलसाठी मॅलरी १५० आणि फिल्टरसाठी (पुरवठ्याचं डीसी व्होल्टेज सपाट करायला) एफ अँड टी ही जोडी या अँपला चांगली बसते. पण खरा फरक ब्रँडने कमी आणि मायक्रोफॅरड-व्होल्टच्या आकड्याने जास्त पडतो.

फिल्टरला एफ अँड टीचा २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचा घ्या, तीन नग. मूळ सर्किटात १६ आहेत, २२ ने हम (स्पीकरमधली सततची घुमघुम) थोडा कमी होतो. ४५० व्होल्टचा घेऊन पैसे वाचवू नका. ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ चा असेल तर शिखर व्होल्टेज ४६० च्या आसपास जातं. ५वाय३ (एसीचं डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब) चटकन तापते, ६व्ही६ (स्पीकर चालवणाऱ्या दोन पॉवर ट्यूब) मागून तापतात. त्या मधल्या काही सेकंदांत भारच नसतो, म्हणून तेवढं सगळं व्होल्टेज फिल्टरवर येतं. रेक्टिफायरला लागून असलेल्या पहिल्या फिल्टरच्या जागी ४७ बसवायचा मोहही टाळा. चार्जिंगचा झटका ५वाय३ ला झेपत नाही, आत ठिणगी पडून ट्यूब जाते. शिवाय जोरात वाजवल्यावर आवाज किंचित दबून परत फुलतो, तो परिणामही कमी होतो.

मॅलरी १५० पॉलिएस्टरचा, ६३० व्होल्टचा. दोन्ही टोकांना एकेक पाय असल्यामुळे आयलेट बोर्डवर (धातूच्या छिद्रांच्या पट्टीवर) सरळ आडवा बसतो. ऑरेंज ड्रॉप ७१५पी आवाजाला कुठेही कमी नाही, पण त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला असतात. ते ताणून बसवावे लागतात आणि अंगाजवळ वाकवले तर मुळातून सैल होतात.

आता मूल्यं. मूळ नकाशात फेज इन्व्हर्टरकडून (सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करणाऱ्या टप्प्याकडून) ६व्ही६ च्या ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर जातात. व्हॉल्यूम चढवला की ग्रिड करंट ओढते, कपॅसिटर चार्ज होतो आणि बायस (ग्रिडवरचं ठरलेलं स्थिर व्होल्टेज) सरकतो. तो चार्ज ग्रिडच्या २२० के ओहम रेझिस्टरमधून उतरायला २२ मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट आहे, म्हणून जाड तारेचे सूर फाटून घरंगळतात. तिथे ०.०२२ टाका. टाइम कॉन्स्टंट ५ मिलिसेकंदांच्या आत येतो, आणि कटऑफ (ज्याखाली बास कमी व्हायला लागतो) ३३ हर्ट्झवर राहतो. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झची, म्हणजे बास काही जात नाही.

बास आणखी आवळायचा असेल तर पहिल्या ट्यूबच्या, १२एवाय७ च्या, ८२० ओहम रेझिस्टरवरचा २५ मायक्रोफॅरड काढून ४.७ लावा. मग साधारण ६५ हर्ट्झच्या आसपास गेन उतरायला लागतो. हंबकर (दोन कॉइलचा जाड आवाजाचा पिकअप) असलेल्या गिटारला हा बदल फार मानवतो. सिंगल कॉइल पिकअपला मात्र मूळ २५ च ठेवा, नाहीतर आवाज पोकळ होतो.

६व्ही६ च्या २५० ओहम रेझिस्टरवरचा २५ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचाच हवा. तिथे वीस व्होल्टच्या आसपास असतात, २५ व्होल्टचा कपॅसिटर अगदी काठावर चालतो आणि ट्यूब गरम चालली की फुगतो. टोनच्या ५०० पिकोफॅरडला सिल्व्हर मायका घ्या. स्वस्त सिरॅमिकवर टिचकी मारली की स्पीकरमधून टकटक ऐकू येते.

जुना सिग्नल कपॅसिटर वापरायचा असेल तर गळती (त्यातून झिरपणारं डीसी) तपासा. अँप बंद करा, १० के, ५ वॅटच्या रेझिस्टरने फिल्टर रिकामे करा आणि मीटरवर शून्य बघा. मग कपॅसिटरचा ग्रिडकडचा पाय सोडवून त्याला मीटरची क्लिप आणि दुसरी क्लिप चासीला लावा. आता अँप चालू करा आणि आत हात घालू नका. डीसी आकडा काही सेकंदांत शून्याजवळ यायला हवा. एक व्होल्टवर अडून राहिला तर तो कपॅसिटर बाजूला काढा: गळतीमुळे ६व्ही६ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज सतत आलं की बायस ढळतो, आणि गळती वाढत गेली की ट्यूबच्या आतली प्लेट लाल होते.