प्लगमधला पॉवर मीटर: कॉइल वाचली, मान अवघडली

भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचा आणि त्याच्यात उपकरणाचा प्लग लावायचा, तो १६ अँपिअरवाला मीटर. व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा), युनिट हे सगळं दाखवतो. खोक्यावर लिहिलंय, त्यात शिरत नाही. दिवाळीनंतर घेतला तेव्हा बाराशे रुपयांचं खेळणं वाटलं. फ्रिज, टीव्ही, मिक्सर लावून बघितले, हौस फिटली, ड्रॉवरमध्ये गेला.

बाहेर काढला तो गिझरमुळे. पंधरा लिटरची टाकी, २००० वॅटची कॉइल. एरवी वीस-बावीस मिनिटांत पाणी कढत व्हायचं, जानेवारीत अर्धा तास लागायला लागला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. झाकणसुद्धा न उघडता म्हणाला, "काका, कॉइल वीक झालीय, बदलावी लागेल." साडेअठराशे रुपये, व्हिजिट चार्ज वेगळा. कॉइलमधली निक्रोमची तार वीक होते म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं तर मोबाइल बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावला. गिझर चालू असताना १९८ व्होल्ट, ७.४८ अँपिअर. भागाकार केला, कॉइलचा रोध २६.४७ ओहम. आता कॉइल नवी असताना किती हवा? २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५. कॉइल ठणठणीत! गुणाकार केला तर १४८१ वॅट, आणि स्क्रीनवरही तेवढेच. कॉइलचा रोध तोच राहिला तर वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतात. व्होल्टेज चौदा टक्के उतरलं की ताकद सव्वीस टक्के जाते. नववीत धाराविद्युत शिकलेल्या कुणालाही हे जमेल. दुपारी परत बघितलं: २२४ व्होल्ट, ८.४७ अँपिअर, १८९७ वॅट. रोध पुन्हा २६.४५. हा कागद सर्व्हिसवाल्यापुढे धरला. कॉइलचा विषय त्याने सोडला, व्हिजिट चार्ज मात्र घेतलाच.

हिने विचारलं, हळू तापतं तर बिल कमी येईल का? नाही. पंधरा लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला सुमारे ०.७ युनिट लागतंच. २००० वॅटवर एकवीस मिनिटं, १४८१ वर अठ्ठावीस. फायदा कुणाचाच नाही.

आता मुख्य तक्रार. या मीटरची स्क्रीनची लाइट काही सेकंदांत बंद होते. कुणाला वाटेल, एवढंच? आमचा गिझरचा पॉइंट बाथरूमबाहेर पॅसेजमध्ये, माळ्याच्या खाली. तिथे दिवसाही अंधार. स्टुलावर चढायचं, मान वाकडी करायची, व्होल्ट वाचून होतात तोवर काळोख. लाइटसाठी बटण दाबावं तर आकडा पुढे सरकतो, अँपिअरऐवजी पॉवर फॅक्टर येतो. मग परत बटण दाबत गोल फिरून यायचं. आणि प्रत्येक दाबाला मीटर सॉकेटमध्ये हलतो, म्हणून दुसऱ्या हाताने तो धरायचा. टॉर्च दातात. साठीच्या माणसाने हे करावं अशी अपेक्षा ज्याने हा मीटर डिझाइन केला, त्याने तो टेबलावर ठेवूनच तपासला असणार. एका सेटिंगचं काम होतं! मी पहिल्या महिन्यातच याला दोन तारे द्यायचे ठरवले होते.

ते आता बदलतोय, आणि कारण हा छोटासा प्रकार. एकदा गिझर चालू करण्याआधी व्होल्ट बघितले गेले: २०९. चालू केला की १९८. म्हणजे सकाळी सगळ्या इमारतीचे गिझर चालतात म्हणून व्होल्टेज पडतं, एवढ्यावर भागत नव्हतं. माझ्या एकट्याच्या गिझरने अकरा व्होल्ट खाल्ले. अकरा भागिले ७.४८, जवळजवळ दीड ओहम, तोही कॉइलच्या बाहेर, वायरिंगमध्ये कुठेतरी. आणि अकरा गुणिले ७.४८, ८२ वॅट. एवढी उष्णता घरात कुठेतरी तापत होती आणि तिचे पैसे मी भरत होतो.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने सप्लाय बंद करून मेन स्विचचं झाकण काढलं. न्यूट्रलचा स्क्रू काळाठिक्कर, तारेवरचं इन्सुलेशन बिस्किटासारखं मोडून हातात आलं. लूज कनेक्शन. तार कापून नवीन टोक काढलं, स्विच बदलला. त्यानंतर तोच हिशोब: २०९ वरून २०६. तीन व्होल्टचा फरक लांब वायरिंगला चालतो. हा भाग मीटरच्या माहितीपत्रकात कुठेच नाही, आणि माझ्या मते बाराशेतले हजार इथेच वसूल झाले.

एक सावधगिरी. व्होल्ट भागिले अँपिअर हा उद्योग गिझर, इस्त्री, शेगडी यांच्यापुरताच. फ्रिजला २२८ व्होल्ट, ०.९५ अँपिअर; गुणाकार २१७ येतो, स्क्रीन १३० वॅट म्हणते. चूक कुणाचीच नाही, पॉवर फॅक्टर ०.६० आहे. घरगुती बिल वॅटवरच्या युनिटचं येतं, त्या २१७ चं नाही. आणि २२८ भागिले ०.९५ करून निघणारा २४० ओहम हा कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा रोध नव्हे. पिवळ्या बल्बची गंमत वेगळी. शंभर वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमच्या आसपास निघतो, आणि थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या घरात. टंगस्टन तापला की रोध चढतो.

सेट-टॉप बॉक्स बंद करूनही दहा वॅट खातो, महिन्याला सात युनिट. तो आता भिंतीवरच्या बटणानेच बंद होतो, यावरून घरात रोज वाद.

चार तारे. अर्धा स्क्रीनच्या लाइटचा कापला, अर्धा घरातली वीज गेली की जमा युनिट पुसली जातात म्हणून. घेणार असाल तर दुकानात सॉकेटमध्ये लावून स्क्रीनची लाइट किती वेळ टिकते ते मोजा. ऑनलाइन घेणाऱ्यांनी डोक्याला बांधायच्या टॉर्चचा खर्च किमतीत धरावा.