२० मिमी खडी आणि क्रश सँड: वापरानंतरचा अभिप्राय

स्लॅबसाठी मागवलेल्या २० मिमी खडीचा दर्जा समाधानकारक निघाला. खडे घनाकार आणि धारदार कोपऱ्यांचे असून चपटे व लांबट तुकडे फारच थोडे आढळले, त्यामुळे काँक्रीट सळ्यांच्या जाळीत अडकून न राहता खालपर्यंत व्यवस्थित बसले. काँक्रीटच्या आकारमानाचा सुमारे ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळूच व्यापतात, म्हणून सिमेंटइतकीच काळजी त्यांच्या निवडीतही घ्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे. याच पुरवठादाराची १० मिमी खडीही चांगली आहे. ती सोबत मिसळल्यास मोठ्या खड्यांमधील पोकळ्या भरून निघतात.

क्रश सँडबाबत, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूबाबत, मात्र तक्रार आहे. मूठभर वाळू ओली करून चोळली असता तळहातावर राखाडी भुकटीचा थर राहिला. अशी भुकटी प्रमाणाबाहेर असली की मिश्रणाला पाणी अधिक लागते आणि काँक्रीटची ताकद घटते. मागणी केल्यावर धुतलेली क्रश सँड मिळाली, हेही नमूद करायला हवे. प्लास्टरसाठी ती भरड पडते, त्या कामाला बारीक चाळलेलीच घ्यावी.