धामणीसाठी चिमटा नको, पाइप-पिशवी घ्या

साप पकडायच्या सामानात तीन वस्तू मिळतात: ब्रेकवायरचा अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा, लोखंडी हूक आणि पाइप लावलेली कापडी पिशवी. विदर्भात घरा-गोठ्यात निघणारी नेहमीची म्हणजे धामण, आणि तिच्यासाठी चिमटा घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

सहा-सात फुटी धामण चिमट्यात सापडली की अंगाला पीळ देते. मूठ किती आवळली ते वायरमुळे हाताला कळत नाही. सगळा दाब एकाच जागी बसतो आणि बरगड्या मोडतात. वरून काहीच दिसत नाही. हुकावर तर ती टिकतच नाही, अजगर थोडीच आहे! हूक कुटार (भुसा) नि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) सारायला आणि तिचं तोंड वळवायला.

पाइप मात्र तिच्या सवयीवरच चालतो. धामण बीळ खोदत नाही, उंदराचं वापरते. घाबरली की भिंतीच्या कडेकडेने पळत अंधारं भोक शोधते. (गोठ्यात येते तीही उंदरांपायी; गाईचं दूध पिते ही निव्वळ थाप.) पाइपचं तोंड कोपऱ्यात भिंतीला टेकवा, तिच्या मागून हूक हळू हलवा, आणि ती पाइपमधून पिशवीत जाईपर्यंत थांबा. घाई केली की ती उलटी फिरते.

3 इंची पाइप, दोन फूट लांब, पुरतो. 4 इंचीत ती आतच वळून परत तोंडाशी येते. कापलेली कड कानसीने घासा, नाहीतर खवले खरचटतात. पिशवी सुती आणि काळी घ्या. पांढरीतून उजेड आला की तिला ते बीळ वाटत नाही. शिवण एकेरी असेल तर नाकाने रेटून उसवते, दुहेरी मारून घ्या. पाइपला पिशवी बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी; सुतळी पीव्हीसीवरून सरकते.

आधी ओळख पक्की हवी: मोठे डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. नागही उंदराच्याच बिळात राहतो आणि दर वेळी फणा काढतोच असं नाही. जराही शंका आली तर लांब उभं राहून नजर ठेवा, वनविभागाला 1926 वर फोन लावा.

सोडायची त्याच शिवारात, धुऱ्यावर (बांधावर) बिळं पाहून, दिवसा. तोवर पिशवी सावलीत ठेवा, डिकीत नाही. नंतर उलटी करून धुवा; घाबरलेली धामण आत घाण करते.