इटलीची नोकरी, दुबईची खोली आणि चार तासांचं जहाज

तालुक्याच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर 'फॉरेन जॉब'ची पाटी लावून बसलेल्या एका एजंटानं माझ्या पुतण्याचे साडेचार लाख खाल्ले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत असे बरेच फिरतात, म्हणून त्यांची पद्धत सांगतो.

पोरगं आयटीआय वेल्डर. सोयाबीनला भाव नाही, बहिणीचं लग्न तोंडावर. इटलीत कारखान्यात वेल्डिंग, पगार दीड लाख, असं ठरलं. मोठ्या भावानं व्हिसाचं विचारलं तर एजंट म्हणे, "काकाजी, आधी दुबईचा टुरिस्ट. पुढचं कंपनी पाहते. शेवटचं चार तास जहाजानं जा लागते, एसी राहते त्याच्यात." आमच्या गावानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इसापूर धरण. चार तास म्हणजे किती समुद्र, हे कोणाला कळणार?

पैसे एकदम मागत नाहीत. आधी इसार, मग तिकिटाचे, मग 'फाइल'चे. आधीचे बुडतील या धाकानं माणूस पुढचे देतो. तिसऱ्या हप्त्याला दोन एकर वावर गहाण पडलं. पावती एकही नाही. काही रोख, काही कुण्या भलत्याच बाईच्या खात्यावर.

दुबईत उतरताच त्यांच्या माणसानं पासपोर्ट काढून घेतला आणि देरा भागातल्या एका खोलीत पोरं कोंबली. खरी गोष्ट सांगितली ती शेजारच्या गादीवरच्या पोरानं. तो पाकिस्तानातल्या गुजरात जिल्ह्याचा. इथून लिबिया, तिथं गोदामात डांबून ठेवणार, आणि मग रात्री समुद्रात 'गेम', म्हणजे चोरून नावेनं पलीकडं जायचा डाव. त्याच्या भागातली कितीतरी पोरं 'अ‍ॅड्रियाना'वर होती. लिबियाच्या तोब्रुकहून निघालेली ती मासेमारीची जुनी बोट 14 जून 2023 ला ग्रीसच्या पायलॉसजवळ बुडाली. आत सुमारे 750 माणसं, वाचली 104.

चार तास तर नाहीच नाही. लिबियाचा किनारा ते इटलीचं लँपेडुसा बेट जवळपास तीनशे किलोमीटर. रबरी नाव असली तर तळाला प्लायवूड. सांडलेलं पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळलं की खाली बसलेल्यांची कातडी भाजून निघते. ट्युनिशियाच्या स्फॅक्सकडून पत्रे जोडून केलेल्या लोखंडी नावा निघतात. त्यांचा व्हिडिओ पाहून पुतण्या म्हणाला, "काकाजी, असे टाके मारले तर कोंबड्याचं खुराडं नाही टिकत." टोळीचा माणूस बहुतेकदा नावेत चढतच नाही. इंजिन प्रवाशातल्याच कुणाच्या तरी हाती देतात आणि किनाऱ्याला लागल्यावर पोलीस त्यालाच धरतात. लाइफ जॅकेटातही फसवणूकच. तुर्कस्तानात इझमीरला जानेवारी 2016 मध्ये पोलिसांनी हजारावर बनावट जॅकेटं पकडली, आत पाणी पिणारा पॅकिंगचा फोम.

सुदान, सीरियातून पळालेल्यांना परतायला घर राहिलेलं नाही, ते मजबुरीनं चढतात. आमच्या पोराला घर होतं, वावर होतं, तरी त्याला त्याच नावेपर्यंत नेणार होते. हे काही पहिल्यांदा नाही. पंजाब-हरियाणातली पोरं इटलीच्याच नावानं लिबियात नेली होती. तिथल्या झ्वारा शहरात हत्यारबंद टोळीनं त्यांना डांबलं. 17 जण ऑगस्ट 2023 मध्ये सुटून आले.

आमचा परत आला. भारताच्या वाणिज्य दूतावासात जातो म्हटल्यावर त्यांनी पासपोर्ट अंगावर फेकला. तिकीट आम्ही काढलं. पैसे गेले ते गेले.

तुमच्याकडं कोणी आलं तर पहिलं म्हणजे त्याचा नोंदणी नंबर मागा. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्यानं नोंदणी लागते, ती केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. त्याला फी घेता येते ती जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, तीही पावती देऊन. टुरिस्ट व्हिसावर नोकरी सांगितली, मधात तिसरा देश आला, की तिथूनच उठा. पैसे दिलेच असतील तर व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज पुसू नका. आमच्याकडं पोलिसांना दाखवायला तेवढेच उरले.

एजंटानं झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा सोडला, पण धंदा नाही. त्याच्या नव्या नंबरच्या स्टेटसवर आता पोलंड आहे, वेअरहाऊसची नोकरी, इसार फक्त वीस हजार.