खेळातल्या आठवणींची भिंत घरीच केली: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय नाही

जर्सी, बॅट, चेंडू आणि मेडलं भिंतीवर लावायचं सगळं काम फ्रेमवाल्याकडे न देता घरीच केलं. लावल्या दिवशी काहीही झकासच दिसतं, त्यामुळे तेव्हाच्या फोटोंवरून कुणी मत बनवू नये. ऊन, दमट हवा आणि धूळ खाऊन झाल्यावर काय उरलं, ते लिहितो.

सर्वांत जास्त वेळ जर्सीच्या पेटीने खाल्ला आणि सर्वांत जास्त समाधानही तिनेच दिलं. लाकडी पट्ट्यांची खोलगट चौकट, मागे फोम बोर्ड, पुढे काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. जर्सी बोर्डाला चिकटवली नाही, टाचली. ग्लू गनने काम चटकन उरकतं, पण गोंद कापडात मुरला की डाग जन्माचा. आत खांद्यांच्या मापाचा पुठ्ठा कापून घातला, तोही ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला; साधा पुठ्ठा कालांतराने पिवळा पडतो आणि त्याला टेकलेलं कापडही पिवळं करतो. मग बारीक सुई आणि जर्सीच्याच रंगाचा दोरा घेऊन खांदे, बगला आणि खालच्या काठाला टाके घातले, तेही मूळ शिवणीतूनच. शिवणीत टाका दिसत नाही आणि उद्या उसवला तरी कापडाला भोक राहत नाही. इतक्या महिन्यांत जर्सी तसूभरही खाली आलेली नाही. बाह्यांत चुरगाळलेला टिश्यू पेपर भरला, तेवढ्याने तिला अंग आलं.

ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही कमी वजनाचं आणि पडलं तरी तुकडे उडत नाहीत, म्हणून मोठ्या पेटीला तेच बरं. पण धूळ इतकी ओढतं की वैताग येतो. कोरड्या फडक्याने पुसलं की स्थिर वीज तयार होते, पुसलेली धूळ पुन्हा येऊन बसते, वर ओरखडे पडतात ते वेगळेच. ओलसर मायक्रोफायबर आणि हलका हात, बास. काच पुसायचे अमोनियावाले फवारे याला चालत नाहीत, पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा येतात.

बॅटचं काम मात्र सोपं निघालं. दोन लाकडी खुंट्या, त्यांवर फेल्ट, आणि बॅटचे खांदे त्यांवर टेकवलेले. मूठ वर, पातं खाली. मुठीला दोरी बांधून टांगलेली बॅट फोटोत छान दिसते, पण किलोभराचं वजन सतत रबरी ग्रिपवर येतं आणि ती सुरकुतते. चेंडूसाठी तर पडद्याची लाकडी कडी पुरते. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास साधारण 7.2 सेंमी, त्यामुळे 5 सेंमी आतल्या व्यासाच्या कडीत तो घट्ट बसतो आणि शिवण हवी तशी फिरवता येते. या सगळ्या खटाटोपात कमीत कमी कष्टांत जास्तीत जास्त फळ इथेच मिळालं.

जड पेटीला मात्र खिळ्यावर भरवसा नको. एक लाकडी पट्टी लांबीतून 45 अंशांत तिरपी चिरायची, एक भाग रॉलप्लग (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची गुल्ली) घालून भिंतीत, दुसरा पेटीच्या पाठीला. एकात एक अडकतात आणि पेटी नुसती वर उचलून काढता येते. पेटी आणि भिंत यांच्यात जी फट राहते तिच्यातून हवा खेळते, ओल धरत नाही.

एलईडी पट्टी मी काढून टाकली. तिचा गोंद कोपऱ्यातून सुटत होता आणि पेटीच्या आत उजेड सतत हवाच कशाला? रंग उडवायला फक्त अतिनील (यूव्ही) किरण लागतात असं नाही, साधा उजेडही हळूहळू तेच करतो. खिडकीची काच यूव्ही अडवते म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी मेडलची रिबीन बघावी. आमच्याकडे खिडकीसमोर टांगलेल्या एका रिबिनीची गाठ सोडली तर आतला निळा गडद, बाहेरचा राखाडीकडे झुकलेला. यूव्हीच्या दोन प्रकारांपैकी यूव्हीबी काचेत बहुतेक अडतो, यूव्हीए बराचसा आत येतो. यूव्ही रोखणारं ॲक्रिलिक मिळतं, त्याने झीज मंदावते, थांबत नाही. खरा उपाय म्हणजे ऊन न येणारी भिंत.

मेडलं एमडीएफच्या (लाकडाचा भुसा रेझिन नावाच्या गोंदात दाबून केलेल्या फळीच्या) बंद पेटीत ठेवू नयेत, हे माझं ठाम मत. त्या लाकडातून आणि त्यातल्या रेझिनमधून निघणारी आम्लधर्मी वाफ आतच कोंडते आणि धातू काळवंडू लागतो. उघड्या दांडीवर टांगलेली मेडलं फक्त धूळ खातात, ती पुसता येते.

मार्करने सही केलेला फोटो सगळ्यांत नाजूक. भिंतीवर त्याची चांगली छापील प्रत लावली, मूळ फोटो पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये कपाटात. घरी येणाऱ्यांपैकी कुणालाही अजून फरक कळलेला नाही, आणि मीही सांगत नाही.