साधं पाणी मिळेल का? नऊ महिने, सतरा परमिट रूम

परवाच्या सोमवारी बिलात पाणी दोनशे रुपयांचं निघालं. माणसं चार, बाटल्या चार, दर पन्नास. फोडलेल्या दोनच. उरलेल्या दोन टेबलावर कधी आल्या, याचा पंचनामा गल्ल्यावर अर्धा तास चालला. ग्रँट रोडजवळचा बार. नाव लिहीत नाही, कारण बोंबील उत्तम होते आणि मला तिथे परत जायचंय.

आमचा उपक्रम एप्रिल २०२५ पासूनचा. कुलाबा-वांद्र्याचे बार सगळ्यांना पाठ आहेत, ते वगळले. दर दुसऱ्या सोमवारी एखाद्या स्टेशनला उतरायचं, पंधरा मिनिटं चालायचं आणि ज्याच्यासमोर कुणी सेल्फी काढणार नाही अशा परमिट रूममध्ये शिरायचं. सोमवार अशासाठी की टेबल मिळतं. माणशी सहाशेच्या आत उठायचं. हिशेब मी ठेवतो, त्यामुळे पुढची सगळी तक्रार हिशेबवाल्याची समजा.

सहाशेचं गणित जूनमध्येच बोंबललं. उत्पादन शुल्क वाढलं, दुकानात साध्या इंग्लिश क्वार्टरची किमान किंमत २०५ झाली. बारमध्ये त्यावर १० टक्के व्हॅट, जो नोव्हेंबर २०२३ च्या आधी ५ होता. १४ जुलैला तर बारवाल्यांनीच बंद पुकारला. तो नेमका आमचा सोमवार होता. चौघे चिंचपोकळीच्या पुलावर वडापाव खाऊन घरी गेलो, माणशी चाळीस रुपये. स्वस्ताईचा विक्रम तोच. मग श्रावण लागला. आमच्यातला पाटील श्रावणी सोमवार पाळतो, पण येतो. लिंबू सोडा घेऊन बसतो आणि चकना सगळ्यांत जास्त खातो.

तर पाणी. बसल्या बसल्या वेटर विचारतो, 'बिसलेरी की साधं?' हा प्रश्न म्हणजे परीक्षा आहे. 'साधं' म्हटलं की त्याचा चेहरा किती पडतो, यावर मी बारला मार्क देतो. सतरापैकी सहा ठिकाणी प्रश्नच आला नाही. बाटली आली, टेबलावर टेकायच्या आत कट्ट करून झाकण फिरलं. फुटलेली बाटली परत कशी करणार? व्हिस्कीचं माप तीस मिलीच्या रेघेवर डोळे बारीक करून भरणारा माणूस पाण्याच्या बाबतीत एवढा उदार कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

जोश्या पहिल्या चार-पाच बारमध्ये 'एमआरपीच्या वर घेणं गुन्हा आहे' असं गल्ल्यावर ठणकावून सांगायचा. करी रोडच्या मॅनेजरने मान वर न करता उत्तर दिलं, 'साहेब, सुप्रीम कोर्ट, २०१७.' परतीच्या गाडीत शोधलं, तर खरंच. हॉटेलवाला नुसती बाटली विकत नाही, बसायची जागा आणि सेवाही देतो, म्हणून एमआरपीचं बंधन त्याला नाही, असा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. जोश्या दादरपर्यंत गप्प होता.

इथवर माझं मत पक्कं होतं: साधंच प्यायचं. ऑगस्टात मन्याचं पोट बिघडलं, तीन दिवस रजा. संशय पाण्यावर. पुढचे दोन महिने आम्ही मुकाट्याने बाटल्या मागवल्या आणि मी वहीत 'औषधपाणी' असं सदर उघडलं. मग एका सोमवारी पाटीलच म्हणाला, 'अरे, ग्लासातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे?' सगळ्यांनी ग्लासात पाहिलं. औषधपाणी सदर त्याच रात्री बंद.

मधल्या काळात रेल नीर १५ वरून १४ वर आलं. जोश्याने प्लॅटफॉर्मवरून चार बाटल्या उचलल्या. वेटर म्हणाला, 'बाहेरचं चालत नाही, दादा.' बारमधल्या बाटलीचा दर मात्र पन्नासच. एका ठिकाणी एसीत बसल्याचे प्रत्येक पेगला वीस जास्त लावले आणि वर सांगितलं, 'एसीचा टॅक्स आहे.' असा वेगळा टॅक्स नोव्हेंबर २०१७ मध्येच गेला, आता जेवणावर सरसकट ५ टक्के. वीस रुपये तुमचे आहेत हो, तसं सांगा, देऊ की.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी सहन करायचं तो बार लालबागच्या आतल्या गल्लीत आहे. एसी नाही, पंखा डोक्यावर कुरकुरतो. साठीचे एक काका न विचारता पोचे पडलेला स्टीलचा जग घेऊन येतात, वीतभर उंचावरून ग्लास भरतात आणि थेंब बाहेर पडत नाही. उकडलेले चणे, वर कच्चा कांदा, मिरची, लिंबू. वाटी संपली की दुसरी येते, पैसे नाहीत. जुलैत सुरमई मागितली तर खाली वाकून म्हणाले, 'नका घेऊ, मासेमारीची बंदी चालू आहे, बर्फातली आहे. भुर्जी खावा.' स्वतःच्या मालकाचे साडेतीनशे बुडवून सत्तरची भुर्जी खिलवणारा वेटर मी दुसरा पाहिला नाही. दर वेळी नवा बार हा नियम मोडून तिथे आम्ही तीनदा गेलो. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबरात बंद झाल्यापासून प्रभादेवीहून चालत येणारा मन्या वळसा पडतो म्हणून शिव्या घालतो, पण येतो.

बाकी चौदा-पंधरा ठिकाणांबद्दल थोडक्यात: मंद दिवे सगळीकडे, मसाला पापड सगळीकडे ओला, मोरी तपासूनच बसा. परमिट रूम म्हणतात पण दारू प्यायचं परमिट एकाने विचारलं नाही. एका दिवसाचं पाच रुपयांना मिळतं म्हणे. पाच रुपयांची ही बचत मी वहीत जमेच्या बाजूला लिहिली आहे.

ग्रँट रोडच्या पंचनाम्याचा निकाल असा लागला, की मॅनेजरने एक बाटली बिलातून काढली आणि दुसरी, सीलबंद, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. ती घरी फ्रिजवर उभी आहे. काल बायकोने उघडायला घेतली, म्हटलं थांब, पन्नासची आहे.